पहाटे सव्वातीनला ऑनलाइन कशाला होता? लास्ट सीन झाकायचं कसं, आणि किती

आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि येतं ते पण अवेळीच, कधी रात्री दीडला तर कधी पहाटे तीनला. ज्याला आधी जाग येईल तो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "पाणी आलं" टाकतो, मग सगळे उठून मोटर लावतात आणि टाकी, पिंपं, बादल्या, हंडे भरून होईपर्यंत मोबाइल हातातच असतो. अशाच एका रात्री सव्वातीनला मी तो मेसेज टाकला, पाणी भरलं, झोपलो. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं तोवर ज्या व्यापाऱ्याकडून मी डिस्प्ले आणि बॅटऱ्या उधारीवर घेतो त्याचा फोन. आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं की तापानं फणफणलोय, दोन दिवस मोबाइलला हात लावणार नाही, पैशाचं सोमवारी बघू. तो म्हणतो, "पहाटे चारपर्यंत ऑनलाइन होता की ओ, ताप उतरला वाटतं."

ताप खोटा होता, मान्य. पण त्याला कळलं कशावरून ते बघा. मी त्याला मेसेज केला नव्हता, फोन केला नव्हता, स्टेटस टाकलं नव्हतं. नुसतं त्यानं माझं चॅट उघडलं आणि नावाखालची बारीक ओळ वाचली.

सोलापुरात नवी पेठेत माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. "तेवढं लास्ट सीन बंद करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याला दोन-तीन तरी येतंच. पहिल्यांदा मला वाटायचं ही सगळी कॉलेजच्या पोरांची भानगड. पण येतात ते सगळ्या प्रकारचे, रात्रपाळी करून दुपारी झोपणारी नर्स येते, टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघणारा येतो, सुनेला घेऊन सासू पण आली होती एकदा आणि बंद करायचं होतं ते सासूचं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय, म्हणजे दुकानात यायची पण गरज नाही, घरी बसून करा.

आधी दिसतं काय ते समजून घ्या

लोक सगळ्यालाच "लास्ट सीन" म्हणतात पण ह्यात चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारींचं बटण एक नाही. ऑनलाइन म्हणजे आत्ता ह्या क्षणाला तुमचं अ‍ॅप समोर उघडं आहे आणि नेट चालू आहे, बस इतकंच. त्याचा अर्थ तुम्ही त्याचा मेसेज वाचला असा होत नाही, हे भांडणाऱ्या नवरा-बायकोला मी काउंटरवर उभं राहून समजावलेलं आहे. लास्ट सीन म्हणजे शेवटचं अ‍ॅप कधी उघडं होतं ती वेळ. टायपिंग म्हणजे तुम्ही लिहिताय हे समोरच्याला दिसणं. आणि टिका, एक राखाडी म्हणजे गेला, दोन राखाडी म्हणजे तुमच्या फोनवर पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. निळ्या टिका 2014 च्या नोव्हेंबरात आल्या, तेव्हा झालेला आरडाओरडा आठवत असेल बऱ्याच जणांना.

आता कोणी म्हणेल की ह्यात काय एवढं, वेळच तर दिसते, मेसेज थोडाच दिसतोय. बरोबर आहे, मेसेज एन्क्रिप्टेड असतो, तो कोणी वाचत नाही. पण पाकीट चिकटवलेलं असलं तरी पोस्टमन तुमच्या दारात किती वाजता येतो ते अख्खी गल्ली बघतेच की. एका दिवसाची वेळ बघून काही कळत नाही, पण महिनाभर बघितलं की तुम्ही उठता कधी, झोपता कधी, कामावर असताना किती वेळा मोबाइल काढता, कुठल्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं वागलात, सगळं वेळापत्रक तयार होतं. हे मी मनानं सांगत नाही. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये 19 जणांचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं येणं-जाणं चार आठवडे टिपून ठेवलं होतं, एकही मेसेज न वाचता. नुसत्या त्या वेळांवरून झोपेच्या वेळा कळल्या, कामात असताना कोण व्हॉट्सअ‍ॅपवर होतं ते कळलं आणि दोघांच्या वेळा एकमेकांशेजारी ठेवल्यावर कोण कोणाशी बोलत असेल ह्याचा पण अंदाज बांधता आला.

शेवटचं ते नीट वाचा. "अ" ऑनलाइन आला, अर्ध्या मिनिटात "ब" आला, "अ" गेला, "ब" गेला, परत "अ" आला. असं आठवडाभर रोज रात्री साडेअकराला चाललं तर सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि दुसरं म्हणजे, वेळ खरी असली तरी त्यावरून काढलेली गोष्ट बहुतेक खोटीच असते. पहाटे सव्वातीनला ऑनलाइन म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस काय समजेल आणि सोलापूरचा काय समजेल ह्यात फरक आहे की नाही? आमच्या ओळखीतल्या एका लग्न ठरलेल्या मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांनी असंच विचारलं होतं, रात्री तीनला कोणाशी बोलते म्हणून. ती बिचारी हंडे भरत होती. ते लोक ज्या गावचे त्यांच्या नळाला रोज सकाळी सातला पाणी.

व्हॉट्सअ‍ॅप, कारण भांडणं सगळी इथंच होतात

व्हॉट्सअ‍ॅप उघडा, वरच्या तीन टिंबांवर जा, सेटिंग्ज, मग प्रायव्हसी. आयफोन असेल तर सेटिंग्ज खाली किंवा तुमच्या फोटोजवळ सापडेल. प्रायव्हसीत पहिलीच ओळ असते लास्ट सीन अँड ऑनलाइन. त्यावर टॅप केलं की दोन प्रश्न दिसतात आणि लोक पहिला बघतात, दुसरा सोडून देतात, गडबड तिथंच होते.

पहिला प्रश्न, माझं लास्ट सीन कोणाला दिसावं. चार पर्याय आहेत, एव्हरीवन म्हणजे सगळ्या जगाला, माय कॉन्टॅक्ट्स म्हणजे ज्यांचे नंबर तुम्ही सेव्ह केलेत त्यांना, माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट म्हणजे सेव्ह केलेल्यांपैकी अमुक-अमुक सोडून बाकीच्यांना, आणि नोबडी म्हणजे कोणालाच नाही. एव्हरीवनवर असेल तर ते आत्ताच्या आत्ता बदला, त्याला काहीही कारण नाही. गॅसवाला, रिक्षावाला, एकदा जुना फ्रिज घ्यायला आलेला माणूस, ह्यांना तुमची झोपायची वेळ कळायची काय गरज आहे.

माझं स्पष्ट मत, बहुतेकांसाठी माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट हाच पर्याय चांगला. नोबडी केलं की घरच्यांना पण दिसायचं बंद होतं आणि एकदम बंद झालं की उलट प्रश्न सुरू होतात, "काय लपवतोयस?" एक्सेप्टमध्ये तुम्ही गुपचूप पाच-सहा नावांवर टिक करता, बॉस, उधारीवाले, चौकश्या करणारे नातेवाईक, आणि बाकीच्यांना काही बदललेलं कळत पण नाही. हा पर्याय 2022 मध्ये सगळ्यांना मिळाला, त्याआधी नव्हता, म्हणून ज्यांनी जुन्या काळात नोबडी करून ठेवलंय त्यांनी परत एकदा जाऊन बघा.

दुसरा प्रश्न, मी ऑनलाइन असताना कोणाला दिसावं. इथं दोनच पर्याय, एव्हरीवन किंवा सेम अ‍ॅज लास्ट सीन. दुसरा निवडा. नाहीतर होतं असं की लास्ट सीन नोबडी केलंय आणि माणूस निवांत आहे, पण ऑनलाइन मात्र सगळ्या दुनियेला दिसतंय आणि ज्याला पाळतच ठेवायची आहे तो चॅट उघडून बसून राहतो. दुकानात आलेल्या दहा फोनपैकी सात-आठ तरी मी असेच बघितलेत, वरचं कुलूप लावलंय आणि मागचं दार सताड उघडं.

एक नियम लक्षात ठेवा, ह्यात देवाणघेवाण आहे. तुम्ही तुमचं दाखवलं नाही तर तुम्हाला पण दुसऱ्याचं दिसत नाही. एक्सेप्टमध्ये ज्याचं नाव टाकलं त्याचं तुम्हाला दिसणार नाही, बाकीच्यांचं दिसेल. बरेच जण इथंच अडखळतात, "माझं लपवा पण तिचं दिसलं पाहिजे" म्हणतात. तसं होत नाही ओ, आणि होऊ पण नये.

आता निळ्या टिका. त्याच प्रायव्हसीत खाली रीड रिसीट्स आहे, ते बंद करा. तुमच्याकडून निळी टिक जाणं बंद आणि तुम्हाला पण दुसऱ्याची दिसणं बंद. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते ती कोणी सांगत नाही, स्टेटस कोणी कोणी बघितलं ती यादी पण दिसायची बंद होते. स्टेटस टाकून दर दहा मिनिटाला यादी बघणाऱ्यांनी आधी विचार करावा. आणि हे बंद केलं तरी ग्रुपमध्ये चालत नाही, ग्रुपमधल्या मेसेजला दाबून धरून इन्फो बघितलं की कोणी वाचला ते सगळं येतं, वेळेसकट. व्हॉइस मेसेजचं पण तसंच, ऐकला की समोरच्याला कळतंच. म्हणजे ज्याला खात्री करायचीच आहे तो तुम्हाला दोन सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवेल. माझ्या व्यापाऱ्याला हे अजून माहीत नाही, कृपया सांगू नका.

टायपिंग बंद करायला बटणच नाही. दोन राखाडी टिकांना पण नाही. ज्याला लांबलचक उत्तर लिहायचंय आणि "टायपिंग... टायपिंग..." दाखवायचं नाही त्यानं नोट्समध्ये लिहून कॉपी-पेस्ट करावं, दुसरा सरळ उपाय नाही. मेसेज उघडायचाच नसेल तर वरून नोटिफिकेशन ओढून तिथंच वाचा, तेवढ्यानं निळी टिक जात नाही, पण तिथूनच रिप्लाय दिला तर वाचला असं धरलं जाऊ शकतं.

प्रायव्हसीच्याच पानावर तळाला अ‍ॅडव्हान्स्ड म्हणून आहे, त्यात अनोळखी अकाउंटवरून मेसेजचा भडिमार आला तर तो अडवायचं बटण आहे, ते चालू करून ठेवा. कारण सांगतो. 2024 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की समोरच्याच्या फोनवर काहीही न दिसता, टिंग न वाजता, त्याच्या फोनकडून "पोचलं" अशी पावती पुन्हा पुन्हा मागवता येते आणि पावती यायला लागलेल्या वेळेवरून स्क्रीन चालू आहे की बंद ह्याचा पण अंदाज येतो. फक्त नंबर माहीत पाहिजे. हे करायला जाणकार माणूस लागतो, तुमचा शेजारी करणार नाही, त्यामुळं घाबरून जाऊ नका. पण सगळं नोबडी केलं म्हणजे आपण अदृश्य झालो अशा भ्रमात पण राहू नका.

लिंक्ड डिव्हाइसेस बघितलं का?

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक बघतात. तुम्ही लास्ट सीन लपवत बसलाय आणि तुमचं अख्खं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडं आहे, असं असू शकतं. सेटिंग्जच्या बाहेर तीन टिंबांतच लिंक्ड डिव्हाइसेस आहे. उघडा, जी यादी येते ती मोठ्यानं वाचा. एका अकाउंटला फोन सोडून चार डिव्हाइस जोडता येतात. ओळखीचं नसेल त्यावर टॅप करून लॉग आउट.

गेल्या उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस डिग्री आणि दुकानात गिऱ्हाईक नाही अशा दुपारी एक काकू आल्या, म्हणाल्या मोबाइल गरम होतोय. मी साफ करता करता लिंक्ड डिव्हाइसेस दाखवलं तर त्यात दोन क्रोम. एक त्यांनीच सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं आधार कार्डची प्रिंट काढताना जोडलेलं, तिथून लॉग आउट करायचं राहिलेलं. दुसरं कोणाचं त्यांना माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि सांगायचं नव्हतं. गप्प बसून दोन्ही काढायला लावलं त्यांनी. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायचीच असेल तर काम झाल्या झाल्या तिथंच उभं राहून लॉग आउट करा, किंवा मेलवरून द्या.

ट्रॅकर अ‍ॅपच्या नादी लागू नका

"नंबर टाका, समोरचा कधी ऑनलाइन येतो त्याचं नोटिफिकेशन मिळवा" असली अ‍ॅप असतात, आठवड्याचे पैसे घेतात. 2021 च्या डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपनं बदल केला, ज्याच्याशी तुमचं कधी बोलणं झालेलं नाही अशा अनोळखी अकाउंटला तुमचं लास्ट सीन आणि ऑनलाइन आपोआप दिसत नाही. त्यामुळं ह्यातली बरीच अ‍ॅप पैसे घेऊन नुसती गोल गोल चक्री दाखवतात. आणि जी "चालतात" ती बऱ्याचदा तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा क्यूआर स्कॅन करायला लावतात, म्हणजे दुसऱ्याची वेळ बघायच्या नादात तुम्ही तुमचं सगळं चॅट कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरला उघडून दिलं. एक पोरगा असंच करून माझ्याकडं रडत आला होता, त्याच्या नंबरवरून सगळ्या नातेवाइकांना पैसे मागणारे मेसेज गेले होते.

हे कायद्यात पण बसत नाही. बाईची इच्छा नसताना तिच्या इंटरनेट, ईमेल, मेसेजच्या वापरावर पाळत ठेवणं म्हणजे स्टॉकिंग, भारतीय न्याय संहितेचं कलम 78, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि परत केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. "मी नुसतं बघत होतो" म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका. उलट तुमच्यावर कोणी अशी पाळत ठेवत असेल, "काल 11:42 ला ऑनलाइन होतीस" असे मेसेज येत असतील तर डिलीट करू नका, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते आणि पैसे गेले असतील तर 1930 ला लगेच फोन. महिलांसाठी 181 आहेच.

पण एक सावधगिरी, आणि ही सेटिंगपेक्षा मोठी आहे. पाळत ठेवणारा माणूस घरातलाच असेल, रागीट असेल, तर एका रात्रीत सगळं बंद करू नका. त्याला लगेच कळतं आणि रोख तुमच्याकडं वळतो. आधी विश्वासातल्या एका माणसाला सांगा, जिथं जाता येईल ती जागा ठरवा, मग सेटिंग. काउंटरवर असं कोणी आलं की मी मोबाइल परत देतो आणि आधी एवढंच सांगतो.

बाकीची अ‍ॅप, पटापट

टेलिग्राममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लास्ट सीन अँड ऑनलाइन. एव्हरीबडी, माय कॉन्टॅक्ट्स, नोबडी, आणि खाली अपवादाची यादी, कोणाला नेहमी दाखवायचं, कोणाला कधीच नाही. हे व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा चांगलं आहे. लपवल्यावर नेमकी वेळ जाऊन "लास्ट सीन रिसेंटली", "विदिन अ वीक", "विदिन अ मंथ" असं मोघम येतं. रिसेंटली म्हणजे आत्ताचा सेकंद ते दोन-तीन दिवस, काहीही. फक्त हे माहीत असू द्या की कोणाला मेसेज केला किंवा एखाद्या ग्रुपमध्ये लिहिलं तर नोबडी असूनही तिथल्या लोकांना तुम्ही साधारण अर्धा मिनिट ऑनलाइन दिसता.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइल, तीन रेघा, मेसेजेस अँड स्टोरी रिप्लाइज, त्यात शो अ‍ॅक्टिव्हिटी स्टेटस बंद. हिरवा ठिपका जातो. पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लपवतात आणि इन्स्टाचा ठिपका चालू ठेवून रात्री दोनपर्यंत रील बघतात, सापडतात तिथंच. फेसबुक आणि मेसेंजरचं अ‍ॅक्टिव्ह स्टेटस दोन्हीकडं वेगवेगळं बंद करावं लागतं, लॅपटॉपवर उघडत असाल तर तिथं पण, एक जागा राहिली की ठिपका पेटलाच. सिग्नलमध्ये लास्ट सीन नाहीच, फक्त रीड रिसीट आणि टायपिंग, दोन्ही बंद होतात. पण आमच्याकडं सिग्नलवर बोलायला आहे कोण?

धंदेवाल्यांसाठी वेगळं सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस असेल तर लास्ट सीन वगैरे वरच्यासारखंच लपवा, पण त्याच्या जोडीला अवे मेसेज लावा. चादरी-टॉवेलची ऑर्डर घेणारे माझे दोघं-तिघं मित्र रात्री बाराला पण उत्तर देत बसायचे, का तर "ऑनलाइन दिसलो आणि बोललो नाही तर पार्टी नाराज होते". आता रात्री नऊनंतर आपोआप जातं, "दुकान बंद आहे, सकाळी दहाला बोलू". कोणी नाराज झालं नाही.

आणि नोबडी करायच्या आधी

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला आयटीत आहे. त्याचा मॅनेजर रात्रीचं ऑनलाइन बघून काम टाकायचा म्हणून पोरानं सरळ नोबडी करून टाकलं, घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत अक्का माझ्या दुकानात हजर, हातात मोबाइल, कपाळावर आठ्या. "ह्याला काय झालंय बघ रे, पोराचं काहीच दिसंना."

तेव्हा कळलं की गेली तीन वर्षं अक्का रोज रात्री झोपायच्या आधी त्याचं चॅट उघडते, फोन करत नाही, मेसेज करत नाही, नुसतं लास्ट सीन बघते. साडेअकरा-बारा दिसलं की पोरगं रूमवर पोचलं, मोबाइल बघत पडलंय, म्हणजे ठीक आहे. मग दिवा बंद करते.

मी तिच्यासमोरच भाच्याला फोन लावला, नोबडी काढून एक्सेप्ट करायला लावलं, मॅनेजर आणि टीममधले दोघं एवढी तीन नावं टिक केली, दोन मिनिटांचं काम. त्याचा मला नंतर मेसेज आला, "मामा, आईला सांगू नको, पण मी पण तिचं बघतो."

परवा पहाटे पावणेचारला त्याला जाग आली तर आईचं ऑनलाइन. त्यानं तिकडून टाकलं, "पाणी आलं का?" अक्कानं भरलेल्या पिंपाचा फोटो पाठवला.